या, बसता?

आमच्या भागात माणसाला मान द्यायला फार काही लागत नाही. नावाला 'सो' जोडलं की झालं. बाळाचा बाळासो होतो, आप्पाचा आप्पासो, आणि दादासो तर गल्लीगणिक एक सापडतो. 'सो' म्हणजे साहेब. साहेबाची एवढीशी शेपटी जोडून दिली की घेणारा खूश आणि देणारा मोकळा. एकदा मान दिला की बाकी काही द्यावं लागत नाही, हा आमचा जुना अनुभव आहे.

त्यामुळे मलकापुरात हायवेच्या कडेला जयमाला सर्कशीचा तंबू उभा राहत असताना एक उंच, किडकिडीत परदेशी माणूस पत्र्याची पेटी घेऊन रिक्षातून उतरला, तेव्हा जे झालं ते होणारच होतं. खुंट्या ठोकणाऱ्या एकाने विचारलं, "नाव काय पावनं?" पाहुण्याला वाटलं, आपल्याला धंदा विचारतायत. त्याने छातीवर हात ठेवला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "पायासो."

त्याची भाषा स्पॅनिश. त्या भाषेत पायासो म्हणजे विदूषक, दुसरं काही नाही. पण खुंट्या ठोकणारे एकमेकांकडे बघायला लागले.

"आयला, ह्यांच्यात बी सो हाय. चांगल्या घरचं दिसतंय गड्या."

"कुठल्या गावचं म्हनायचं?"

"पेरू," पाहुणा म्हणाला.

यावर मात्र घण खाली ठेवून माणसं हसली. पेरूतून आलेला पायासो. संध्याकाळपर्यंत तंबूतल्या आचाऱ्यापासून तिकीटवाल्यापर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ झाला होता.

त्याचं खरं नाव एवारिस्तो. ते मालकाला, म्हणजे उदयसिंहला ठाऊक होतं, पण बोर्ड रंगवणाऱ्याला पायासोच सोपं पडलं. आम्ही त्याला साहेब म्हणत होतो, तो विदूषक ऐकत होता, आणि दोन्हीकडे समाधान होतं.

जयमाला सर्कशीत त्याच्याआधी एक जोकर होता. अर्जुना, जतकडचा. तरुणपणी तो झुल्यावर होता. समोरून उडत येणाऱ्या पोरीला हवेत मनगटाला धरायचं, हे त्याचं काम. मग एकदा जाळीच्या कडेवर पडला आणि उजवा खांदा कायमचा गेला. झुल्यावरचा माणूस मोडला की त्याच्या तोंडाला रंग लावून त्याला जोकर करतात. सर्कशीत पेन्शन नसते, त्याऐवजी हे असतं. त्याची बायको सुरेखा पूर्वी तारेवर छत्री घेऊन चालायची. आता ती सगळ्यांचे कपडे शिवायची आणि कलाकारांच्या पंगतीला भाकरी थापायची.

अर्जुनाच्या विनोदाला कुणी हसत नव्हतं, हे खरंच सांगायला हवं. त्याची चड्डी सुटायची, त्याचा फुगा फुटायचा, तो पाण्याच्या बादलीत बसायचा, आणि लोक तेवढ्या वेळात फोन बघून घ्यायचे. वाघ-सिंह गेल्यापासून सर्कस म्हणजे झुला आणि जोकर एवढंच उरलं होतं. त्यातला जोकर असा. उदयसिंहने म्हणूनच एजंटाला सांगून परदेशी माणूस आणला. परदेशी माणूस पडला तर लोक जास्त हसतात, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता.

एवारिस्तोचा आजा विदूषक, बाप विदूषक. त्याच्या देशात जुलैमध्ये स्वातंत्र्याचा सण येतो, तेव्हा गावोगाव तंबू लागतात आणि घरातली झाडून सगळी माणसं, दुपट्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत, सर्कशीला जातात. तिथे रिंगणात तो सहा-सात वर्षांचा असल्यापासून बापाचा मार खात आला होता आणि पुढे बापाला मारत आला होता. भारतात दोन वर्षं काढून तो मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. पंगतीत सुरेखाने भाकरी वाढली की दर वेळी हात जोडून "वैनी, धन्यवाद" म्हणायचा. इतर कलाकार वीस वर्षं तिच्या हातचं खात होते, त्यांना कधी हा शब्द सुचला नव्हता.

पहिल्याच सरावाला त्याने अर्जुनाला आपल्या घराण्याचा नियम सांगितला. विदूषकीत मार खाणाऱ्याच्या हातात लगाम असतो. मार खाणाऱ्याने 'या बस्ता' म्हटलं की मारणाऱ्याचा हात जिथे असेल तिथे थांबला पाहिजे. या म्हणजे आता, बस्ता म्हणजे पुरे. त्याने तळवा वर करून दाखवलं. अर्जुनाने त्याला मारलं, तो 'या बस्ता' म्हणाला, अर्जुना थांबला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. हा नियम नसेल तर ती विदूषकी नव्हे, नुसती मारामारी, असं एवारिस्तोचं म्हणणं होतं.

त्या दिवशी अर्जुना हसत हसत राहुटीत आला. "बस्ता म्हंजे लग्नाचा बस्ता न्हवं गं सुरेखा. त्येंच्यात बस्ता म्हंजे बास. हाय का न्हाई गंमत?"

"बास म्हंजे बास," सुरेखा सुईत दोरा ओवत म्हणाली. "आपल्यागतच हाय की."

रविवारी दुपारच्या खेळाला त्यांनी खुर्चीचा आयटम लावला. अर्जुना गावचा पाटील झाला होता, फेटा, मिशा आणि उशी बांधून फुगवलेलं पोट. पाटील दमून घरी येतो, बसायला खुर्ची मागतो. एक खुर्ची मोडते, दुसरी मोडते, मग एवारिस्तो गुडघे आणि हात टेकून स्वतःच खुर्ची होतो. पाटील त्याच्या पाठीवर बसून पान खातो, फोनवर बोलतो, मधूनच उड्या मारतो. शेवटी खुर्ची म्हणते, 'या बस्ता'. पाटील उठतो आणि खुर्ची उभी राहून पाटलाच्या बुडावर लाथ घालते. खेळाचा सगळा जीव त्या शेवटच्या लाथेत होता. लहान माणूस मोठ्याला एकदा तरी लाथ घालतो, हे बघायलाच लोक तिकीट काढतात, असं एवारिस्तोच्या बापाने त्याला शिकवलं होतं.

लाथेपर्यंत खेळ गेलाच नाही. पाटील पाठीवर उड्या मारत होता आणि खालून खुर्ची स्वच्छ मराठीत म्हणाली, "या, बसता?"

तंबू असा हसला की बाहेर भेळवाला गाडा सोडून आत डोकावून गेला. आमच्याकडे दारात आलेल्याला 'या, बसा' म्हणतात. वैरी आला तरी आधी 'या, बसा', मग भांडण. आणि कुणी बसा म्हटल्यावर पाहुणा बसला नाही तर तो घरधन्याचा अपमान. इथे तर पाठीवर पाटील बसलेला असताना खुर्चीच अदबीने विचारत होती, या, बसता?

अर्जुना ठरल्याप्रमाणे उठला. लोकांना ते आवडलं नाही.

"आरं उठतुयास कशाला? खुर्ची बस म्हनतीया की."

"पावन्याचा मान राख, बस."

अर्जुना गोंधळून पुन्हा बसला. एवारिस्तो पुन्हा म्हणाला, या बस्ता. पुन्हा हशा. तीन-चार वेळा असं झालं, आणि लाथ घालायची राहूनच गेली.

खेळ संपल्यावर उदयसिंहने दोघांना बोलावलं. त्याच्या चेहऱ्यावर पाच-सात वर्षांत न दिसलेला आनंद होता. "अर्जुना, उद्यापास्नं उठायचं न्हाई. त्यो जितक्यांदा म्हनंल तितक्यांदा बसायचं. लाथ-बिथ काढून टाक, लाथंत काय न्हाई."

"मालक," अर्जुना म्हणाला, "त्येंच्या भाषेत त्येचा अर्थ निराळा हाय."

"अर्थ पब्लिक लावतंय न्हवं? मग आपन कशाला लावायचा?"

एवढं बोलून उदयसिंहने एवारिस्तोची पाठ थोपटली, नेमकी जिथे दुखत होती तिथे. एवारिस्तो हिंदीत काहीतरी सांगू लागला. उदयसिंह "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत राहिला.

अर्जुनाने मालकाला अर्थ सांगायचा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवू या. तो प्रयत्न त्याने नंतर कधी केला नाही. कारण राहुटीत येऊन तोंडाचा रंग पुसताना त्याच्या लक्षात आलं की तो हशा त्याचा नव्हता. फेटा त्याचा, मिशा त्याच्या, उड्या त्याने मारल्या, आणि लोक हसले ते खुर्चीला.

पुढच्या खेळापासून अर्जुनाने उठणं बंद केलं. एवारिस्तो खालून मान वळवून त्याच्याकडे बघायचा. अर्जुना नजर वर, तंबूच्या डोलकाठीकडे लावून बसायचा आणि नंतर हिंदीत सांगायचा, "मालिक बोला." मालक सांगेल तो आयटम करायचा असा करार होता, म्हणून एवारिस्तो रोज खुर्ची होत राहिला. कोणीतरी फोनवर त्या आयटमचा व्हिडिओ काढला आणि कराडच्या मंडईत पोरं एकमेकांना वाकून 'या, बसता?' म्हणायला लागली. तिकिटाची रांग हायवेपर्यंत आली. ती रांग बघून उदयसिंहला सुचलं की पाठीवर पब्लिकमधला माणूस बसवावा.

उंब्रजला तंबू लागला तेव्हा पहिला माणूस बसला तो बाळासो. ऊस वाहतुकीचे दोन ट्रॅक्टर असलेला, चांगला भरलेला गडी, स्वभावाने गरीब. तो लाजत होता. गावकऱ्यांनी त्याला ढकललं. "बाळासो, पायासो बोलवाय लागलंय. सो नं सो ला न्हाई म्हनायचं नसतं." बाळासो रिंगणात आला. त्याने आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, कारण कुणाच्या अंगाला चप्पल लागू नये असं त्याला घरात शिकवलेलं होतं. मग वाकून एवारिस्तोला विचारलं, "बसू का?"

"या बस्ता," एवारिस्तो कळवळून म्हणाला. "या बस्ता, सेन्योर."

"बरं," बाळासो म्हणाला आणि बसला.

इतक्या अदबीने कुणाची पाठ कुणी मोडली नसेल.

संध्याकाळी अर्जुना मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून एवारिस्तोची पाठ शेकायचा. हेही खरंच आहे. त्याचा हात चांगला होता, झुल्यावरच्या माणसाला अंगातला सांधा न् सांधा ठाऊक असतो. कुठल्या मणक्याला सूज आहे, कुठे दाबलं की माणूस कळवळतो, हे त्याला बोटाने कळायचं. सुरेखा पुरचुंडी बांधून द्यायची आणि बघत राहायची.

सांगलीला निघायच्या आधी उदयसिंह राहुटीत आला आणि उभ्या उभ्या सांगून गेला. सांगलीनंतर सातारा, आणि साताऱ्याला एकच जोकर घेऊन जाणार. नावं त्याने घेतली नाहीत. घ्यायची गरज नव्हती, बोर्डावर एकाचंच नाव होतं.

अर्जुना त्या दिवशी जेवला नाही. जतला त्याचं घर होतं, पण त्या घरात करायला काही नव्हतं. भावाची मेंढरं होती, ती हाकायला दोन्ही खांदे लागतात. रंग पुसलेला जोकर कुणाच्या कामाचा नसतो. सर्कशीतून उतरलेली दोन-चार माणसं त्याने पाहिली होती, बस स्टँडवर कुणाच्या लक्षात न येता बसलेली. आपण तसं बसलेलो आहोत असं त्याला दिसायला लागलं.

त्याच संध्याकाळी पाठ शेकून घेताना एवारिस्तो पालथा पडूनच म्हणाला, "अर्जुना, सांगली में तू बोलो. माइक पर. बस्ता मतलब बस, खतम. लोग अच्छा है. मालूम नहीं, इसलिए करता है. मालूम होगा तो नहीं करेगा."

अर्जुनाचा हात पुरचुंडीवर थांबला.

"बोलेगा?" एवारिस्तोने विचारलं.

"बोलेगा," अर्जुनाने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "गळ्याशपथ."

"खरंच सांगा वं," सुरेखा दारातून म्हणाली. "लय सोसलंय त्या माणसानं."

"सांगतो म्हनलं न्हवं?"

अर्जुनाला एवारिस्तोचा जीव नको होता. त्याला फक्त त्याची पाठ हवी होती. स्वतःचा खांदा गेला तेवढंच दुसऱ्याचं काहीतरी जावं, आणि साताऱ्याला जायची वेळ आली की मालकापुढे एकच धड माणूस असावा, एवढीच त्याची मागणी होती. देवाला याहून वाईट मागण्या रोज ऐकाव्या लागत असतील.

सांगलीला रविवारच्या संध्याकाळच्या खेळाला मुंगीला शिरायला जागा नव्हती. घरंच्या घरं आली होती. नवीन कपडे, लेकरांच्या हातात कुल्फ्या, सुनांच्या मांडीवर बाळं, आणि म्हाताऱ्यांना पुढे खुर्च्या. एवारिस्तोला असं पब्लिक फार आवडायचं. आमच्याकडे जुलैमध्ये असंच असतं, असं तो पडद्याआडून सुरेखाला म्हणाला. त्याने नाक लावलं, बापाच्या हातचं, लाल रंग उडालेलं.

तो रिंगणाच्या मधोमध खुर्ची झाला तेव्हा लोक आधीच 'या, बसता' म्हणून ओरडत होते. अर्जुनाने माइक हातात घेतला आणि दुसरा हात वर केला. तंबू शांत झाला. एवारिस्तोने खालून मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि हसला.

"मंडळी," अर्जुना म्हणाला, "पायासो रोज एक शब्द म्हनत्यात. तुमाला वाटतं त्यो गमतीचा हाय. त्येचा खरा अर्थ आज मी सांगतो. त्येंनीच सांगाय सांगितलंय."

एवारिस्तो मान हलवत होता.

"त्येंच्या मुलखात पावना आला की असंच म्हनत्यात. या, बसता? आन एकटा-दुकटा बसला तर त्येंना लय कमीपना वाटतो. घरादारानं, लेकराबाळासकट बसलं तर मान ठेवला म्हनत्यात. तर मंडळी, मान ठेवा."

मराठी एवारिस्तोला कळत नव्हती. त्याला एवढंच कळलं की अर्थ सांगून झाला. त्याने एक हात जमिनीवरून उचलला, कपाळाला लावला आणि लोकांपुढे मान तुकवली. आभार मानत होता तो. लोकांना ते आमंत्रण वाटलं.

आधी आयांनी लेकरं आणून बसवली आणि फोटो काढले. मग आया बसल्या. मग बाप आले. पाठ पुरेना तेव्हा एकाच्या मांडीवर दुसरा बसला. ढकलाढकली नव्हती, आमची माणसं रांगेत चांगली वागतात. पुष्कळांनी चपला काढल्या. खालून 'या बस्ता' ऐकू आलं की सगळा तंबू एका सुरात उलट म्हणायचा, "बसतो, बसतो."

मग कोपरं वाकली आणि तो छातीवर आडवा झाला. शेवटी त्याने आपली भाषा सोडून दिली आणि त्याला येणाऱ्या हिंदीत म्हणाला, "अर्जुना. बस. अर्जुना, बस."

हिंदीत बस म्हणजे पुरे. तो शब्द मराठीतही तसा चालतो, पण त्या संध्याकाळी त्या तंबूत बस म्हणजे बसणं एवढंच चालू होतं.

"ए जोकर, तुला बोलवतोय. बस की," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. अर्जुनाने पडद्याकडे बघितलं. पडद्यापाशी सुरेखा उभी होती, हातात कुणाचा तरी झगा. तिने मान हलवून नको म्हटलं. अर्जुनाने पोटावरची उशी नीट केली, मिशी वर केली आणि सगळ्यांच्या वर जाऊन बसला. त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता तेवढा हशा त्या वेळी मिळाला.

खालून आवाज आला तो काही मोठा नव्हता. शेवग्याची शेंग मोडावी एवढाच. माणसं हळूहळू उतरली, कपडे झटकले, चपला शोधल्या. एवारिस्तो उठला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आता उठून लाथ घालेल म्हणून कुणी थांबलं नाही, कारण ती लाथ कुणी कधी पाहिलीच नव्हती.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कमरेखालचं काही हलणार नाही असं सांगितलं. पोलीस येऊन चौकशी करून गेले. फोनवरचे व्हिडिओ त्यांनी बघितले. सगळ्यांत पायासो स्वतःच्या तोंडाने, न अडखळता 'या, बसता' म्हणत होता आणि हात कपाळाला लावून लोकांना बोलावत होता. घरधन्याने बोलावलं आणि पाहुणे बसले. यात गुन्हा कुणाचा लिहायचा, हे पोलिसांनाही कळेना.

अर्जुना आणि सुरेखा त्याला भेटायला गेले. सुरेखाने डब्यात भाकरी आणि वांगं नेलं होतं. तो पाठीवर सरळ पडून छताकडे बघत होता. अर्जुना पलंगाजवळ आला तसा त्याने डोळे त्याच्याकडे वळवले. मग अगदी हळू म्हणाला, "या बस्ता."

शेजारच्या पेशंटला गोळ्या देणारी नर्स पुढे आली. तिने पायाने स्टूल सरकवलं आणि अर्जुनाला म्हणाली, "अहो, बसा म्हणतायत. बसा की."

अर्जुना बसला. एवारिस्तोने डोळे मिटून घेतले. सुरेखाने डबा उशाशी ठेवला. तिला धन्यवाद मिळायचे ते तिथे मिळाले नाहीत, आणि आपण त्याच्या लायकीचे उरलो नाही असं तिला आतून वाटलं.

येताना बसमध्ये ती म्हणाली, "आवं, त्या शब्दाचा अर्थ तुमाला ठावा हुता."

"त्यो शब्द त्येंच्या भाषेतला," अर्जुना खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मला अडाण्याला काय कळतंय?"

त्यानंतर ती जेवायला वाढायची, झगे शिवायची, विचारलं तर व्हय किंवा न्हाई एवढंच म्हणायची. आठवड्याभरात त्याच्या देशाच्या वकिलातीतून माणूस आला आणि एवारिस्तोला घेऊन गेला. पत्र्याची पेटी राहुटीतच राहिली. सुरेखाने लाल नाक आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवलं.

साताऱ्याला जयमाला सर्कशीबरोबर एकच जोकर गेला. अर्जुनाच्या मनासारखं झालं होतं. बोर्डावर प्रथमच त्याचं नाव आलं, आणि उदयसिंहने ते मान देऊन रंगवून घेतलं: अर्जुनासो. अर्जुना तो बोर्ड लांबून आणि जवळून बघून आला. पहिल्या खेळाला त्याने चड्डी सोडली, फुगा फोडला आणि बादलीत बसला. लोक फोन बघत राहिले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "खुर्ची कुठं हाय?"

रात्रीच्या खेळाआधी उदयसिंह त्याला म्हणाला, "पावना गेला म्हनून पब्लिक सोडनार हाय का? आयटम त्येंना पाठ हाय. उद्या तू खुर्ची हो."

"मालक, माझा खांदा."

"मग घरी जातोस का?"

अर्जुना दुसऱ्या दिवशी खुर्ची झाला. उजव्या हातावर भार पेलत नव्हता म्हणून त्याने डाव्यावर घेतला. परदेशी माणसासारखं तोंड वेडावून तो म्हणाला, "या, बसता?" आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळा तंबू एकट्या त्याच्यासाठी हसला. त्याचे डोळे भरून आले. हेच तर हवं होतं त्याला.

माणसं उतरून आली. पहिला बसला, दुसरा बसला, मग मिलिटरीतून सुट्टीवर आलेले तिघे-चौघे एकदम बसले. डावा हात थरथरायला लागला तसा अर्जुनाने भार उजव्यावर टाकला आणि खांदा आतून सुटला. तो ओरडला, "बास. बास करा."

त्याची भाषा तर सगळ्यांना येत होती. जवळच्यांना ते नीट ऐकूही गेलं. "खुर्ची बास म्हनतीया," एकजण हसत म्हणाला. दुसऱ्याने त्याला सुधारलं, "बास न्हवं रं, बसा म्हनतीया. पावनं तसंच म्हनायचं न्हवं का?" आणि आणखी दोघे बसले.

पडद्यापाशी उदयसिंह उभा होता. त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर बँड चालायचा आणि थांबायचा. बँड थांबला की खेळ थांबतो, हे पब्लिकलाही ठाऊक असतं. सांगलीच्या प्रकारानंतर तो जरा बिचकलेला होता. त्याने कान पुढे केला, पण टाळ्यांत काही कळेना. शेजारी सुरेखा उभ्या उभ्या झग्याला टाका घालत होती. बावीस वर्षं ती त्या आवाजाबरोबर राहत होती, झोपेत कण्हला तरी तिला तो ओळखू यायचा.

"वैनी," उदयसिंह म्हणाला, "त्यो बास म्हनतोय का बसा म्हनतोय?"

सुरेखाने रिंगणाकडे बघितलं. माणसांच्या पायांमधून अर्जुनाचं रंगवलेलं तोंड दिसत होतं. तो तिच्याकडेच बघत होता. तिने टाका ओढून गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

"बसा म्हनत्यात," ती म्हणाली.